पांढऱ्यात पांढरं

"तवा असा तापव, की भाकरी टाकली तर करपून गेली पाहिजे," पुसनाके जमादार म्हणाले.

वारलूनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भाकरी कोणाले पाहिजे जी, सकाळी सकाळी?"

"भाकरी नाही बे. निशाणा पाहिजे."

वनविश्रामगृहाच्या मागच्या अंगणात आम्ही तिघं होतो. दौलत पुसनाके हे पोलिसांतले हवालदार. नेमबाज म्हणून त्यांना आमच्या रेंजकडं आठ दिवसांसाठी दिलं होतं. वारलू कन्नाके माझ्या बीटवरचा रोजंदारी वनमजूर, सहा वर्षं माझ्याबरोबर जंगल फिरलेला. मी त्या बीटची, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याची, वनरक्षक, शेवंता कुळमेथे. गावात मला कोणी नावानं हाक मारत नसे. गार्ड बाई म्हणत.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. महिन्याभरात एका वाघिणीनं चार माणसं मारली होती, चारही मोहफुलं वेचताना. तिला बेशुद्ध करायचे दोन प्रयत्न फसले. पिंजऱ्याकडं ती फिरकली नाही. मग तिला मारण्याचा आदेश आला. दिवसा ती दिसत नव्हती, त्यामुळं जे करायचं ते रात्रीच करायचं होतं.

टेबलावर जमादारांची रायफल ठेवलेली होती. तिच्यावर रात्रीची दुर्बीण आधीपासून होती. तिला ते 'हिरवी' म्हणत, कारण तिच्यातून सगळं हिरवं दिसे. चांदण्यांचा असेल-नसेल तेवढा उजेड ती गोळा करी, आणि अगदीच अंधार असला तर तिचा स्वतःचा दिवा होता, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. आदल्या दिवशी नागपूरहून दुसरी दुर्बीण आली होती. तिला उजेडाशी कर्तव्य नव्हतं. ती ऊन आणि थंड एवढंच ओळखी. जे गरम ते पांढरं, जे थंड ते काळं. ती 'पांढरी'.

"पांढरी दुरून सांगते, काहीतरी आहे. पण काय आहे ते नीट सांगत नाही," जमादार स्क्रू आवळता आवळता म्हणाले. "हिरवी सांगते काय आहे. पण कुठं बघायचं ते तिला कळत नाही. दोघी एकेकट्या कामाच्या नाहीत. म्हणून एका बंदुकीवर नांदवायच्या."

"नांदतील?" मी विचारलं.

"सवतीसवती आहेत. बघू."

हिरवी त्यांनी नळीच्या वर सरळ ठेवली होती. पांढरी डाव्या अंगाला, तिरपी बसवली. मनगट डावीकडं वळवलं की डोळ्यासमोर पांढरी, सरळ केलं की हिरवी. पांढरीतून एक वायर निघून हाताच्या पंजाएवढ्या पडद्याला जोडलेली होती. तो पडदा माझ्याकडं राहणार होता. जमादारांना पांढरीत जे दिसेल ते मलाही दिसेल. हे आमच्या रेंजर साहेबांनी, देवतळे साहेबांनी, मुद्दाम करून घेतलं होतं. त्यांचा लेखी हुकूम होता: वन विभागाच्या माणसानं 'ओळखलं' असं म्हटल्याशिवाय गोळी सुटायची नाही.

"दिसलं म्हणजे ओळखलं नव्हे," साहेबांनी मला बजावलं होतं. "पुसनाके म्हणतील दिसलं. तू म्हणायचं ओळखलं. दोन्ही शब्द झाले तर गोळी. एकच झाला, तर नाही."

दोन्ही दुर्बिणींचा नेम एकाच ठिकाणी बसतो का, ते बघायचं होतं. पांढरीला कागदाचा निशाणा दिसत नाही, तिला गरमच काहीतरी लागतं. म्हणून तवा. वारलूनं घरून आणलेला लोखंडी तवा चुलीवर लाल होईस्तोवर तापवला, मधोमध चुन्याचं बोट टेकवलं, आणि तो सांडशीत धरून पळत जाऊन पन्नास पावलांवरच्या खुंटीला टांगला. जमादारांनी मनगट वळवून एक गोळी मारली, सरळ करून दुसरी. तवा वाजला. दोन भोकं, मध्ये अंगठ्याएवढी जागा. त्यांनी काहीतरी फिरवलं, पुन्हा दोन. या वेळी भोक एकच दिसलं, जरा लांबट.

"नांदल्या," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. "कोण्या मुडद्यानं माह्या तव्याले भोकं पाडले वो?"

वारलूची माय, बुधाबाई. वय साठीच्या पुढं, कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. वारलू सांडशी पाठीमागं लपवायला लागला.

"आजी, सरकारी काम आहे," जमादार हसत म्हणाले. "सरकार तुम्हाला नवा तवा देईल."

"सरकारनं मले घरबी देतो म्हटलं होतं. त्या घरातच ठेवीन मंग तुमचा तवा."

जमादार खो खो हसले. तिनं बंदुकीकडं बघितलं, जवळ आली, पांढरीच्या काचेत डोकावली. "ह्यातून ते दिसते?"

वाघिणीला गावात कोणी वाघीण म्हणत नसे. ते, ती, बया, एवढंच.

"दिसते ना. ऊबच दिसते तिची," जमादार म्हणाले.

"अन् माही?"

"तुमचीही दिसते. तुम्ही तर लय गरम आहात, आजी."

या वेळी तीही हसली. मी म्हणाले, "बुधाबाई, दहा दिवस मोहाला जायचं नाही. माहीत आहे ना?"

"माहीत हाय. दवंडी आयकली मी." मग जरा थांबून म्हणाली, "झाडाले नाही आयकू गेली पण दवंडी. झाड आपलं फूल टाकूनच राह्यलं."

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. भोक पडलेला तवा घेऊन वारलू आमच्या मागं आला. दोन मिनिटांत मी परत फिरले. जमादारांनी तोवर रायफल पुसून ठेवली होती.

दुपारी चारला देवतळे साहेबांची जीप आली. नाल्याच्या तोंडाशी, पूर्वेकडच्या बांधावर ताजे पंजे मिळाले होते. आमचं मचाण नाल्याच्या वरच्या अंगाला बांधलेलं होतं, ते निरुपयोगी ठरलं.

"नवं मचाण बांधावरच्या मोहांसमोर," साहेब म्हणाले. "तिथं मोठं ऐनाचं झाड आहे. मजूर लावलेत मी. सहाच्या आत वर बसा."

"ती जागा गावाजवळ आहे, साहेब," मी म्हणाले.

"म्हणूनच तर. आज ना उद्या ती गावात शिरेल. गाव बंद आहे ना?"

"हो, साहेब."

"मग झालं."

सहा वाजता आम्ही मचाणावर चढलो. समोर सत्तर-ऐंशी पावलांवर मोहाची तीन झाडं होती, शेताच्या बांधाला लागून पण जंगलाच्या हद्दीत. मधल्या झाडाखाली जमीन काळी होती, मोठं ताट पालथं घालावं तशी गोल. कडेच्या एका जुन्या मुळातून बारीक धूर निघत होता.

"हे काय?" जमादारांनी विचारलं.

"पाला जाळलाय. मोहाखाली जाळतात या दिवसांत. जमीन साफ झाली की फूल दिसतं, नाहीतर पाल्यात हरवतं."

"बंदी आहे ना?"

"आहे."

"मग कोणी जाळलं?"

"गावातलं कोणी असेल," मी म्हणाले.

त्यांनी रायफल टेकवली, मनगट वळवलं. माझ्या हातातला पडदा उजळला. बांध काळा, शेत काळं, झाडांची खोडं राखाडी, आणि मधोमध ते गोल पांढरंफेक. दिवसभराचं ऊन आणि वर आगीची धग. तिथं विस्तव टाकला असता तरी वेगळा दिसला नसता. त्यांनी बंदूक सरळ केली, हिरवीतून पाहिलं, दिवा लावला, आणि लगेच बंद केला.

"धुरावर उजेड आपटतो आणि परत येतो. पाण्यात दूध सांडल्यासारखं दिसतं." त्यांनी डोळे चोळले. "सकाळपासून दोघींना नांदवतोय, बाई. आणि त्या नेमक्या एकाच जागी आंधळ्या झाल्या."

"बाकी सगळीकडं दिसतं ना?"

"बाकी सगळीकडं सशाचे कान दिसतात." त्यांनी मावळतीकडं पाहिलं. मग म्हणाले, "साहेबांना वायरलेस करू? मचाण हलवू म्हणून?"

सूर्य टेकला होता. "आता खाली उतरून चालणं बरं नाही," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

रात्र काढणं म्हणजे काय, ते मचाणावर बसल्याशिवाय कळत नाही. खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही, पाणीसुद्धा घोटभरच. दर पंधरा मिनिटांनी जमादार मनगट वळवून डावीकडून उजवीकडं एक फेरी मारत. माझ्या पडद्यावर नाला सरकायचा, बांध सरकायचा, ते पांढरं गोल यायचं आणि जायचं. अकरा वाजता भेकर आलं. पांढरीत दिसलं, हिरवीत त्याच्या पोटाखालची रेघसुद्धा दिसली. एक वाजता रानडुकरांची पाच पिल्लं गेली. जमादार कानाशी येऊन कुजबुजले, "आता सांगा, ही सरकारी नोकरी आहे का सिनेमा?"

दोननंतर मोह गळायला लागला. अंधारात टप टप आवाज होत होता. थंड फुलं पांढरीत दिसत नाहीत. गोल आता दुधी झालं होतं, पण विझलं नव्हतं. मुळातली धग खालून सरकत होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी जमादारांचा हात मध्येच थांबला.

पांढऱ्या गोलाच्या नाल्याकडच्या कडेला काहीतरी होतं. गोलापेक्षा जरासं जास्त पांढरं, लांबट, जमिनीलगत. आधीच्या फेरीत ते नव्हतं. कधी आलं, कुठून आलं, आम्हाला दिसलं नव्हतं. नाल्याच्या काठाआडून सरपटत आलं असावं, आणि उजेडात उजेड मिसळावा तसं मिसळून गेलं होतं.

"दिसलं," जमादार म्हणाले.

मी पडदा डोळ्याजवळ नेला. त्याला तोंड नव्हतं, शेपटी नव्हती. बसलेलं होतं की वाकलेलं, कळत नव्हतं.

त्यांनी बंदूक सरळ केली. बराच वेळ हिरवीला डोळा लावून बसले. "धूर आहे. पण आडवं आहे, बाई. चार पायांवरचं आहे. वाघीणच."

"कान दिसले?"

"नाही."

"मग?"

"अंदाज येतो की. इतकी वर्षं काय केलं मी?" त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. "बोला."

मी पडद्यावरून नजर काढली नाही.

"बाई."

"ओळखलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा मनगट वळवलं. ते लांबट पांढरं तसूभर हललं, आणि पुन्हा स्थिर झालं. मोह वेचणारी बाई असंच हलते. ओणवी बसते, हाताच्या टप्प्यातलं वेचते, मग बसल्या बसल्या एक पाऊल पुढं सरकते. वाघही दबा धरून असंच सरकतो. पडद्यावर दोन्ही एकच दिसतं.

"एक सांगा," जमादार म्हणाले. "तिथं माणूस असू शकतं का?"

मी उत्तर द्यायला वेळ लावला असेन. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"गाव बंद आहे ना?"

"बंद आहे."

"कोणी येणार नाही?"

"नाही."

"मग ती वाघीणच की. थांबता कशासाठी?"

"कान दिसले नाहीत. नियम आहे."

"नियम मलाही माहीत आहे. तुम्ही म्हणता माणूस येणार नाही, आणि वाघीण आहे असंही म्हणत नाही. तिसरं काय असतं मोहाखाली?"

मी पडद्याची काच अंगठ्यानं पुसली.

"बरं, टॉर्च मारतो," ते म्हणाले. "एकदा मारला की कळेल. गेली तर गेली."

"गेली तर आठ दिवस हाती लागणार नाही. साहेब काय म्हणतील? थांबा. ती गोलाबाहेर येईल. बाहेर आली की कान दिसतील."

हे बोलणं रीतसर होतं. त्यात काढण्यासारखी चूक नव्हती. जमादारांनी ओठ आवळले आणि डोळा पुन्हा काचेला लावला. आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. ते पांढरं हललं नाही. मी मनातल्या मनात मोजत होते, बाई असती तर इतका वेळ एका जागी बसली असती का. टोपली एव्हाना अर्धी भरली असती. म्हणजे बाई नाही. म्हणजे बोलावं. तोंड उघडलं, आणि पुन्हा वाटलं, म्हातारं माणूस दमून बसतंही.

तीन बावन्नला एक आवाज झाला. अगदी लहान. बांबूची टोपली जमिनीवर टेकली की होतो तसा, कोरडा. बांधाच्या पलीकडून, आमच्या नजरेच्या आडून, कोणीतरी थेट त्या गोलात उतरलं होतं. पडद्यावर फक्त इतकंच दिसलं की मधलं पांढरं आणखी थोडं पांढरं झालं.

मी उभी राहिले. मचाण हललं.

"बुधाबाई! पळ! बुधाबाई!"

कडेचं लांबट पांढरं एकाएकी आखूड झालं, मग लांब, मग दोन्ही पांढरे आकार एक झाले. ओरडण्याचा आवाज आला नाही. जमादारांनी हवेत गोळी झाडली, मग दुसरी. मग टॉर्च. गोलातून एक आकार निसटला आणि थंड शेतात शिरला, आणि तिथं, काळ्यावर, सगळं स्वच्छ दिसलं. लांब पाठ, खाली झुकलेली शेपटी, मान, दोन गोल कान. "ओळखलं!" मी ओरडले. तोवर ती नाल्यात उतरली होती.

जमादारांनी बंदूक खाली घेतली.

साहेबांची जीप यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही बुधाबाईजवळ उभे होतो. मानेत दात लागले होते. ती लगेच गेली असावी. जमादारांनी आपला टॉवेल तिच्या तोंडावर टाकला. टोपलीत फुलं नव्हती. ती नुकतीच टेकवलेली होती. नाल्याकडच्या कडेला राखेत वाघिणीच्या पोटाचा, कोपरांचा ठसा उमटला होता. तीन वाजून दहा मिनिटांपासून ती तिथं होती, उबेला बसलेली, मग वाट बघत बसलेली.

"अर्धा तास," जमादार ठशाकडं बघत म्हणाले. "अर्धा तास माझ्या नेमात होती ती."

जीप येते का ते बघायला मी बांधाकडं वळले.

"तुम्ही नाव घेतलंत, बाई."

"काय?"

"बुधाबाई म्हणालात. ती कोण आहे ते मला आत्ता, टॉर्च मारल्यावर कळलं. तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"आवाज ओळखला."

"ती बोललीच नाही."

जीपचे दिवे बांधावर पडले. त्यांनी पुढं विचारलं नाही.

उजाडल्यावर पंचनामा सुरू झाला. गावातले वीस-पंचवीस लोक दोरीपलीकडं उभे होते. बायका रडत होत्या. वारलू रडत नव्हता. तो आईच्या पायाशी उकिडवा बसला होता, आणि तिच्या पायांवरची राख तळहातानं पुसत होता. जमादार जीपच्या बॉनेटवर रायफल ठेवून दोन्ही दुर्बिणी उतरवत होते.

देवतळे साहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती, राग होता, पण माझ्यावर नव्हता. "तू बरोबर केलंस," ते म्हणाले. "न ओळखता गोळी मारली असती आणि म्हातारीला लागली असती, तर आज आपण सगळे आत असतो. मी रिपोर्टात तसं लिहिणार आहे." त्यांनी लिहिलंही. तिसऱ्या रात्री, तिथून दोन किलोमीटरवर, जमादारांनी त्याच दोन दुर्बिणींनी एका गोळीत ती वाघीण मारली. तेव्हा मचाणावर दुसरा गार्ड होता. पंधरा ऑगस्टला मला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात 'संयम' हा शब्द आहे. पुढं मी वनपाल झाले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले.

पण त्या सकाळी साहेबांना आगीचं कोडं सुटत नव्हतं.

"हा पाला जाळला नसता तर वाघीण दोघांनाही दिसली असती," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. कुळमेथे, गुन्ह्याचं पुस्तक काढ. आरोपीच्या जागी 'अज्ञात' लिहिलेलं मला चालणार नाही. पाला कोणी जाळला, कोणाच्या परवानगीनं? का हिनं स्वतःच जाळला?" त्यांनी आवाज खाली आणला. "मेलेल्या बाईनंच आग लावली असं कागदावर आलं, तर तिच्या घरच्यांच्या मदतीचा कागद वर अडकेल. विचार करून सांगा कोणी लावली ते."

वन गुन्ह्याची पहिली नोंद बीटचा गार्डच करतो. ते पुस्तक माझ्या झोळीत असायचं. मी ते काढलं. पेन काढलं.

आदल्या सकाळी, फाटकाशी, बुधाबाई थांबली होती. "पोरी," ती म्हणाली होती. गार्ड बाई म्हणाली नव्हती. "वेचाले नाही जात मी. तू म्हणशीन तवाच जाईन. पण पाला जाळू दे. दहा दिवस फूल पाल्यात सडलं, तर मंग जाऊन का करू?" मी वारलूकडं पाहिलं. तो तवा हातात घेऊन उभा होता, खात्याचा मजूर असल्यामुळं ही परवानगी त्यानं मागायची नव्हती. माझी आई मोह वेचायची. मी म्हणाले, "दुपारच्या उन्हात जाळ, आणि लगेच परत ये. कोणाला सांगू नको."

या भागात वाढलेल्या कोणालाही माहीत आहे की जो पाला जाळतो तो पहाटे येतो. त्याला कितीही शपथा घाला. साफ केलेल्या जमिनीवर रात्रभर फूल पडतंय, हे माहीत असताना घरात झोप लागत नाही. मलाही माहीत होतं. मचाणावर चढताना ते काळं गोल पाहिलं तेव्हाच माहीत होतं. पुसनाकेंनी विचारलं कोणी जाळलं, तेव्हा एक नाव सांगायचं होतं. साहेबांना वायरलेस करू का म्हणाले, तेव्हा हो म्हणायचं होतं. तिथं माणूस असू शकतं का, असं विचारलं, तेव्हा सांगायचं होतं, हो, बुधाबाई येईल. मग त्यांनी टॉर्च मारला असता, हाक दिली असती, वाघीण पळाली असती, आणि माझ्यावर चौकशी बसली असती. एवढंच झालं असतं. मी 'ओळखलं नाही' म्हणाले. ते खरं होतं, आणि त्याच्या आड मी बेचाळीस मिनिटं बसून राहिले.

"कोणाला काही माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

वारलूनं मान वर केली. त्यानं साहेबांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. त्याच्या तळहाताला राख लागलेली होती. तो नुसता बघत राहिला. बॉनेटवर जमादारांचा हात थांबला. साहेबांनी घड्याळ बघितलं. वारलूनं मला पुरेसा वेळ दिला. आजही मला वाटतं, त्यानं गरजेपेक्षा जास्तच दिला.

मग तो उठून उभा राहिला.

"म्या लावली जी."

"तू?" साहेब म्हणाले. "तू आमचाच माणूस ना रे? वनमजूर?"

"हव जी."

"बंदी माहीत होती?"

"हव."

"उद्यापासून कामावर येऊ नको," साहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "लिही."

जमादारांनी पांढरी दुर्बीण पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वाघीण मेली तोवर ते आमच्याकडं होते, पण माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी पुस्तक जीपच्या दारावर टेकवलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली, कक्ष क्रमांक लिहिला. गुन्ह्याचा प्रकार लिहिला. मग ती ओळ आली.

"पूर्ण नाव?" मी विचारलं. सहा वर्षं तो माझ्याबरोबर होता.

"वारलू लिंगा कन्नाके."

"वय?"

"चौतीस."

"आग लावण्याचं कारण?"

तो आईकडं बघत होता. "तुमीच लिवा ना बाई," तो म्हणाला. "तुमाले माहीत हाय."

मी लिहिलं: मोहफुले वेचण्याकरिता. त्यानं खाली सही केली. त्याला सही येत होती. मीच शिकवली होती.

मग मी पान उचलून कार्बन बघितला. तीन प्रती होत्या. तिन्हीवर नाव स्वच्छ उठलं होतं.